कांता नवऱ्याचं नाव घेत नाही

आमची कांता किती बोलते, हे इथं दुर्गजवळच्या खुर्सीपारात कोणाले सांगा लागत नाही. नळावर उभी राहिली तं बादली भरून वाहून जाते, पण हिचं सरत नाही. एवढ्या बोलण्यात एक शब्द मात्र तिच्या तोंडातून कधी निघाला नाही. नवऱ्याचं नाव. आमच्या भंडाऱ्याकडच्या बायायचं असंच हाय. मीबी घेत नाही, पण मी काही ठेला लावला नाही ना.

कांतानं लावला. तिचा नवरा, पंजाबराव भाऊजी, लोखंडाच्या प्लांटमधी ठेकेदाराकडे होते. ठेका संपला अन् ते घरी बसले. असे बसले का खुर्चीले खड्डा पडला. मंग कांतानं पावर हाउसच्या मार्केटात, आतल्या गल्लीत, लांबरोटी चालू केली. पातळ कणीक हातावर झुलवत कोपरापर्यंत लांब करायची अन् चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. रोटी कशी, तं मऊ रुमालासारखी. संग वांग्याचा रस्सा. वरतं पाटी टांगली, ‘पंजाबराव लांबरोटी’. म्हणे लिवलं तं चालते, बोललं तं नाही.

पण गल्लीत येते कोण? लोक बाहेरच समोसा खाऊन ऑटोत बसत. भाऊजीनं सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत पाहू, नाही तं सामान बांधून गावी जाऊ, तिथं घर हाय, अंगण हाय. कांताचं तोंडच उतरलं. लगन होऊन आली तवापासून तिचं सारं इथंच. गावी बोलन कोणासंग, म्हशीसंग?

तिची सून रेणू, मोहन नगरची पोरगी, मोबाइल हातातून सुटत नाही. ते म्हणाली, मम्मीजी, रील बनाते हैं. झालं. कांता ठेवणीतली जरीची साडी नेसून चुलीसमोर बसली. मी इचारलं, रोट्या करून राहिली का वरातीत जाऊन राहिली? तिनं माह्याकडे पाह्यलंबी नाही.

रेणूनं शिकवलं होतं का रोटी झुलवायची, मंग मोबाइलकडे पाहून ठेल्याचं नाव अन् गल्ली सांगायची. रोटी तं बाप्पा अशी झुलवली का पाहणाऱ्याचा जीव टांगणीले. पण नावापाशी गाडी अटकली.

‘‘हा ठेला आमच्या... यायच्या नावाचा हाय.’’

‘‘मम्मीजी, नाम बोलो ना.’’

कांतानं पदर तोंडाले लावला. ‘‘पाटीवर लिवलं हाय. येऊन वाचा.’’

अन् पाटी गेली धुराच्या मांगं, एक अक्षर दिसत नाही. रेणू चिडली, पण पुन्हा जरी नेसवाची कोणाची हिंमत? तसंच टाकून देल्लं. मी मनात म्हटलं, ना नाव ना गल्ली, आता बसा वाट पाहत.

दुसऱ्या दिवशी रेणूचा मोबाइल शांत बसन तं शपथ. ज्यानं त्यानं नाव ओळखाचा सपाटा लावला. रामलाल, घनश्याम, भोलाराम. कोणी म्हणे, आंटी, एक हिंट तो दो. कांतानं लिवाले लावलं का त्यात एका राज्याचं नाव हाय. बाप्पा, मंग तं पूरच आला. बिहारीलाल काय, गुजरातराव काय. दुर्गच्या एका पोट्ट्यानं लिवलं छत्तीसगढराव, अन् बाकीचे त्याच्यावरच हसत बसले. जेवढे जास्त लिवत, तेवढा तो रील आणखी लोकायले दिसे. भाऊजी चष्मा लावून एकेक वाचत, रागावत, म्हणत माही पार वरात काढली. पण मोबाइल काही सोडत नव्हते.

रेणू हुशार. तिनं खाली गल्ली लिवली, नाव नाही लिवलं. अन् लोक आले. पह्यले पाटी वाचाले आले. वाचून हसले, तवर वांग्याचा वास नाकात गेला, अन् बसले. खाऊन गेले ते घरच्यायले घेऊन आले. भाऊजीसमोर पोट्टे उभे राहत, अंकल, आप ही हो क्या? फोटो काढत. ठेका संपल्यावर ज्या माणसाले कोणी इचारत नव्हतं, तो आता इस्तरीचा शर्ट घालून ताटं मांडते. रेणू मोबाइलवर ऑर्डर घेते, बारशाच्या, साखरपुड्याच्या.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस पाह्यलं तं त्यायच्या दारात टेम्पो. हातातलं काम टाकलं. तशीच धावली. भाऊजी ड्रायव्हरच्या बाजूले बसले होते.

‘‘काऊन भाऊजी, निघालेच का गावी?’’

‘‘निघालो ना, वहिनी. मडके आणाले. तिथच्या मातीची सर इथच्याले नाही.’’

दुसऱ्या दिवशी सांजेले टेम्पो आला, भाताच्या तनसात बसवलेले मडकेच मडके. दुसरी चूल त्याच हप्त्यात मांडली.

मी कांताले कोपऱ्यात धरलं. म्हटलं, कांते, आता तरी घे नाव, इथं कोणी ऐकून नाही राहिलं.

तिनं हातावरची रोटी मडक्यावर टाकली, गिऱ्हाइकायच्या गर्दीकडे पाह्यलं.

‘‘मी घेतलं तं हे लोक पाटी वाचाले कायले येतीन?’’