कागदावर न येणारे ठोके

सर्जन मंडळी जमली की किस्से रंगतात, कारण त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी असतं. निदान बाटलीत ठेवलेला खडा तरी. आम्ही पडलो ठोक्यांचे डॉक्टर. आमच्याकडे दाखवायला ईसीजीची एक पट्टी, तीही काही वर्षांत पुसट होणारी. त्यामुळे आमचे किस्से डोक्यातच साचत जातात. नंदनवन भागातल्या माझ्या दवाखान्यात दुपारी मी आणि मंगला सिस्टर डबे उघडतो, आणि भाजीच्या आधी किस्सा वाढला जातो.

मी इतकी वर्षं हृदयाच्या तारा बघते आहे. अजूनही रोज एकदा तरी तोंड उघडं राहतं.

* * *

सक्करदऱ्याचे एक रिटायर्ड मास्तर आले. भजनी मंडळात ढोलक वाजवायचे. तक्रार अशी की छातीत मधेच एक ठोका गळतो आणि मग आतून धक्का बसतो. शब्दांत सांगता येईना, तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर बोटांनी वाजवूनच दाखवलं. मॉनिटर लावला तर पडद्यावरही तेच चाललेलं.

मी समजावलं, एखादा ठोका घाई करतो आणि वेळेआधी येतो. तेव्हा हृदयात रक्त पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो कळतही नाही. मग हृदय जरा थांबतं, नीट भरून घेतं आणि पुढचा ठोका जोरात देतं. धक्का बसतो तो या पुढच्या, शहाण्या ठोक्याचा. बाकी तपासण्या चांगल्या होत्या, घाबरण्यासारखं काही नव्हतं.

मास्तरांनी टेबलावर तोच ठेका पुन्हा एकदा वाजवला. मग म्हणाले, "म्हणजे मले चूक नाही कळून राहिली मॅडम, दुरुस्ती कळून राहिली."

त्यांचं हे वाक्य मी आता प्रत्येक पेशंटला माझंच म्हणून सांगते!

* * *

पण आमच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त पिळलं ते विमलबाईंनी. नरखेड तालुक्यातल्या एका गावच्या. संत्र्याची बाग, नवरा, सासू. वय पन्नाशीच्या आत. काम करता करता त्यांचं काळीज एकदम पळत सुटायचं आणि तसंच एकदम थांबायचं. दोन-चार मिनिटं, कधी जरा जास्त. आमच्याकडे पोचेपर्यंत सगळं शांत. गाडीचा आवाज मेकॅनिकच्या दारात बंद व्हावा, तसं. ईसीजी काढला तर पुस्तकात छापावा इतका नॉर्मल.

सासूबाई सोबत होत्या. बारीक अंगाच्या, ऐंशीच्या घरातल्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी निकाल आधीच लावला होता. सून कामचुकार नाही, पण मनाची हळवी आहे, उगीच घाबरते, असं त्यांचं म्हणणं. नवरा दोघींच्या मधे बसून पंख्याकडे बघत होता.

सासूबाई पाणी प्यायला बाहेर गेल्या तेव्हा विमलबाई मला हळूच म्हणाल्या, "मागच्या महिन्यात विहिरीपाशी मोटार चालू करताना झालं. डोळ्यासमोर अंधारी आली, काठावरच बसली मी. घरी सांगतलं तं म्हणते, मनाचे खेळ हायेत. मॅडम, मले हे कागदावर पाहिजे. एक दिवस आत पडीन, तेव्हा कोणाले दाखवू?"

मलाही ते कागदावरच हवं होतं. कोणता ठोका बिघडतो हे पाहिल्याशिवाय इलाज कशावर करायचा? आणि विहीर काही माझ्या रिपोर्टसाठी थांबणार नव्हती.

* * *

म्हणून त्यांना होल्टर लावला. कमरेला छोटं मशीन, छातीला वायरी, दिवस-रात्र प्रत्येक ठोका नोंदवणारं. रोजची सगळी कामं करा, एवढंच बजावून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट उघडला. इतका निवांत ठोका मी एखाद्या झोपलेल्या बाळाचाच पाहिला असेल. चौकशी केली तेव्हा कळलं, मशीन महागाचं आहे, वायर तुटायला नको, म्हणून घरच्यांनी विमलबाईंना खाटेवरून उठूच दिलं नव्हतं. नवऱ्याने स्वयंपाक केला. शेजारणीने भांडी घासली. चहा हातात आणून दिला.

"लग्न झाल्यापासून असा दिवस गेला नव्हता," विमलबाई म्हणाल्या. "इलाज नाही झाला तरी चालते मॅडम, पण हे महिन्यातून एकडाव लावत जा."

* * *

दुसऱ्यांदा लावला तेव्हा नवऱ्याला समोर बसवून दम भरला. काम झालं पाहिजे, वाकणं झालं पाहिजे, बागेत फेरी झाली पाहिजे. तो बिचारा मान डोलवत गेला. काम खरोखरच झालं. पण रिपोर्ट पुन्हा कोरा!

या वेळी घोळ सासूबाईंचा होता. हे मशीन आतलं सगळं टिपून घेतं, असं मंगला सिस्टर समजावून सांगत होती, त्यावरून सासूबाईंनी धरलं की ते घरातलं बोलणंही टिपून घेतं आणि ते मॅडम नंतर ऐकणार. मग काय, दिवसभर "विमल, दमली असशीन," "विमल, जेवून घे माय" असं सुरू. विमलबाई सांगताना स्वतःच इतक्या हसल्या की मंगला सिस्टरने त्यांना पाणी दिलं.

मी हसले, पण मनातून हादरले होते. पाळत ठेवली की न सापडणारं, आणि एकटी गाठून विहिरीपाशी धरणारं हे काय आहे, असं कितीतरी वेळा वाटून गेलं.

* * *

त्याच सुमारास नंदनवनातल्याच एका बँकेतल्या साहेबांना त्यांची बायको घेऊन आली. त्यांचं काळीज तेव्हाच, आमच्या समोर धावत होतं. काही जणांच्या हृदयात जन्मापासून विजेची एक जास्तीची वाट असते. एरवी ती गप्प असते. पण कधीतरी वीज त्या वाटेने परत फिरते आणि तिथल्या तिथे गरगर फिरत राहते. त्यावर एक इंजेक्शन आहे. ते क्षणभर वाट अडवतं, फिरणं तुटतं.

क्षणभर म्हणजे काय, हे पडद्यावर दिसतं. धावणारी रेघ एकदम सपाट होते. आम्ही पेशंटच्या नातेवाइकांना आधी बाहेर पाठवतो. या बाई मात्र नवऱ्याचा हात सोडेनात, म्हणून राहू दिलं.

रेघ सपाट झाली. बाई पडद्याकडे बघत होत्या. मग एक ठोका आला. मग दुसरा. मग रांगेत सगळे, शहाण्यासारखे.

"मले वाटलं लाइट गेली," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आता चालू कोणी केलं?"

मी मंगला सिस्टरकडे पाहिलं. कोणीच केलं नव्हतं. आमचे हात रिकामेच होते. त्याचं तेच सुरू झालं होतं, आईच्या पोटात पहिल्यांदा झालं होतं तसंच. मी तसं सांगितलं. त्या बाईंनी पडद्याला नमस्कार केला, आणि खरं सांगते, माझेही हात जोडले गेले.

* * *

बागेतली संत्री तोडायला आली तेव्हा विमलबाई नवऱ्यासोबत आल्या. तपासणीला नव्हे, आमच्यासाठी संत्री घेऊन! सासूबाईंना पायऱ्या चढवत नव्हत्या, त्या खाली गाडीत थांबल्या होत्या. विमलबाईंनी संत्र्यांची जड पिशवी उचलून आणली, माझ्या टेबलाशी वाकून खाली ठेवली, आणि उठल्याच नाहीत. छातीवर हात ठेवून तशाच बसल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "सुटलं पळत."

मंगला सिस्टरने त्यांना तपासणीच्या पलंगावर कसं निजवलं आणि वायरी कधी लावल्या, मला आठवत नाही. पट्टी बाहेर यायला लागली. एकाला एक चिकटून धावणारे ठोके, अगदी त्या बँकेच्या साहेबांसारखे. मी आनंदाने ओरडलेच. पेशंटचं काळीज उधळलेलं आणि डॉक्टर टाळ्या वाजवते आहे, असं दृश्य! नवऱ्याने पट्टी हातात घेतली, बायकोकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

बीपी चांगलं होतं. इंजेक्शन भरून मी जवळ गेले, तर विमलबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांबा मॅडम, बंद नका करू. बुढीले वर येऊ द्या. तिले पाहू द्या."

नवरा धावत खाली गेला आणि आईला दोन्ही हातांवर उचलून घेऊन आला. सासूबाईंना पलंगाशी उभं केलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पण त्यातलं त्यांना काही कळलं नसावं. मग त्यांनी आपला सुरकुतलेला हात सुनेच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. हात तिथेच राहिला. बराच वेळ.

मी इंजेक्शन हातात धरून उभी होते.

"माहं बी असंच पळे," सासूबाई म्हणाल्या. "मले वाटे, सगळ्याच बायायचं पळते."