पंख्यावरची लाल रेघ

देवासमोर उभं राहिलं की मला परकं वाटायचं. आमचं घर चार पिढ्यांपासून उज्जैनचं. ही, म्हणजे माझी बायको, रोज सकाळी महाकालाला जायची; मी सोबत गेलो तरी बाहेरच थांबायचो. सरकारी तंत्रशाळेत मी वर्कशॉप शिकवत होतो. बिघाडाला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, एवढीच माझी श्रद्धा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका श्रावणात नावेच्या एका जुन्या मोटारीने त्या श्रद्धेलाच धक्का दिला.

रामघाटावर बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या स्वयंसेवकांची एक टोळी होती. त्यांचे प्रमुख बद्रीलालजी, क्षिप्रेवर नाव चालवण्यात केस पांढरे झालेले. नावेच्या मागे लावायची एक जुनी परदेशी मोटार कुणीतरी टोळीला दान दिली होती. ती एका झटक्यात सुरू व्हायची, संथ पाण्यात नावही हळूहळू पुढे न्यायची. पण प्रवाहात वेगाची मूठ पूर्ण पिळली की नुसती ओरडायची, आणि नाव जागच्या जागी डुलत राहायची. बद्रीलालजी घरी येऊन म्हणाले, "मास्साब, आवाज शेर की, चाल बकरी की. सोमवार को सवारी घाट पर आएगी, और पानी रोज चढ़ रहा है." सवारी म्हणजे महाकालाची पालखी; तिच्यामागे घाटावर हजारोंची गर्दी येते.

आठवडाभर शाळा सुटली की मी घाटावर जात होतो. प्लग बदलले. कार्बोरेटर उघडून त्याची बारीक छिद्रं साफ केली. जुनं पेट्रोल ओतून नवं भरलं. टाकीचं झाकण हवा घेतंय की नाही तेही पाहिलं. दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजला. म्हाताऱ्या मोटारीच्या मानाने उत्तम. माधव नगरच्या दुकानांत तेव्हा परदेशी चॉकलेटं दिसायला लागली होती, पण या मोटारीचा एक वॉशर म्हणाल तर मिळत नव्हता. खरं सांगायचं तर चिंतेपेक्षा मला कुतूहलच जास्त छळत होतं. शक्ती तयार होतेय हे कानांना कळत होतं. मग ती जात होती कुठे? जेवताना माझं लक्ष नाही हे पाहून ही म्हणाली, "अहो, इतके दिवस त्या मोटारीलाच विचारताय. एकदा त्या वरच्यालाही विचारून पाहा की." मी हसलो.

रविवारी दुपारी मात्र हसू राहिलं नव्हतं. पाणी घाटाच्या आणखी दोन पायऱ्या चढलं होतं. सगळं पुन्हा एकदा तपासून झालं, आणि मी पाना खाली ठेवला. मनात आलं, मला दिसत नाहीये, तू दाखव. त्याला प्रार्थना म्हणायचं धाडस मला आजही होत नाही. त्यात थोडा रागच होता. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी 'मला येत नाही' असं कुणापाशी तरी कबूल केलं.

थोड्या वेळाने लक्षात आलं, की पिशवी घेतलेला एक गृहस्थ केव्हापासून वरच्या पायरीवर उभा राहून बघतोय. त्याची बोटं पेरांपर्यंत लाल होती. भैरवगढचा छीपा, म्हणजे कापडावर ठप्पे मारणारा कारागीर. त्याने सहज विचारलं, "भाईसाहब, ये बीच की नली और बाहर का पंखा, दोनों साथ ही घूमते हैं न?"

"हाँ, एक ही तो हैं," मी जरा तुटकपणे म्हणालो.

"आपने निशान लगाकर देखा? हम तो कपड़े पर निशान रखते हैं. ठप्पा जरा भी खिसके तो पता चल जाता है."

मी वाकून पाणी मागे लोटणाऱ्या त्या पंख्याकडे पाहिलं. पंख्याच्या मधोमध पितळी नळी असते आणि नळी नि पंखा यांच्यामध्ये रबर बसवलेलं असतं, दगडाचा दणका आत पोचू नये म्हणून. हे मला माहीत होतं, पण ते रबर सुटू शकतं हा विचारच शिवला नव्हता. बद्रीलालजींकडे नावेला लावायचा लाल रंग होता. नळीवरून पंख्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली, ती सुकू दिली, नाव दोराने घाटाच्या कडीला बांधली आणि मूठ पूर्ण पिळली. मोटार वर उचलून पाहतो तो रेघ तुटलेली! नळीवरचा तुकडा एकीकडे, पंख्यावरचा भलतीकडे. आत नळी जोरात फिरत होती, रबर घसरत होतं आणि पंखा मागे राहत होता. मी लहान मुलासारखा ओरडलो. आभार मानायला वळलो, तर तो गृहस्थ निघून गेला होता.

संध्याकाळी शाळेच्या वर्कशॉपमध्ये भोकं पाडून नळी आणि पंखा पितळी पिनांनी जोडून टाकले. सोमवारी सवारीच्या आधीच पाणी एकदम वाढलं आणि पलीकडच्या काठावर एका चौथऱ्यावर तिघं अडकली, राजस्थानातून आलेलं म्हातारं जोडपं आणि त्यांची सून. बद्रीलालजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नावेत बसलो. मधल्या धारेत नावेचं तोंड फिरायला लागलं तेव्हा मी मूठ पिळली, आणि मोटारीने नाव अशी रेटली की बद्रीलालजींच्या तोंडून "जय महाकाल" निघालं. परत येताना म्हातारीने माझं मनगट घट्ट धरलं होतं. "थाने भगवान भेज्यो," तुम्हाला देवानेच धाडलं, असं ती म्हणत राहिली.

पंधरा दिवसांनी मी त्या छीप्याला भैरवगढमध्ये शोधून काढलं. चादरीवर ठप्पे मारत होता. मी सगळं सांगितलं तर तोच चकित झाला. "मैं तो यूँ ही पूछ बैठा था. उस दिन मुझे नानाखेड़ा जाना था, टेम्पोवाले ने आधे रास्ते में उतार दिया. सोचा, चलो, नदी देख लूँ."

रबर का घसरलं ते मी कुणालाही समजावू शकतो. तो टेम्पो त्याच दुपारी का थांबला, ते मला सांगता येत नाही, आणि सांगावंसंही वाटत नाही. एवढंच झालंय, की काही अडलं की मी हातातलं काम बाजूला ठेवतो आणि जो कुणी जवळ उभा असेल त्याला विचारतो, "तुम्हाला काय दिसतं?" दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही. पण विचारताना मान आपोआप खाली जाते. ती झुकायला शिकली, याबद्दल मी त्या वरच्याचा ऋणी आहे.