हौसेची जोडी

शाळा उघडायच्या आधी मुलांच्या वह्या आणायला मी आदिलाबादला गेले आणि वह्यांसोबत पिंजऱ्यातून कोंबडा-कोंबडीची जोडी घेऊन गावी, बेल्याला परतले. दोघं पांढरीशुभ्र, ठेंगणी. पायाच्या बोटांपर्यंत पिसं आणि डोक्यावर कापसाचं बोंड फुटल्यासारखा तुरा. विकणारा म्हणाला होता, "मॅडम, ये शौक की चीज है." शाळा, स्वयंपाक आणि कापसाचे भाव यांपलीकडे मला शौक असा कधी नव्हताच. म्हणून घेतलीच.

सासूबाईंनी कोंबडी उचलून हातावर तोलली. आमच्याकडे कोंबडी बघायची रीत तीच. "हे काऊन आनलं? दोन घास बी निंगत नाही यातून," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच वाट काढली. पोळ्याला लेक-जावई येणार होते. दुसऱ्या दिवशी, करीला, दोघांचं मिळून जावयाच्या एका ताटापुरतं होईल. करीला जावयाला घरची कोंबडी वाढली नाही तर गावात तोंड कसं दाखवायचं? बाजारातली ब्रॉयलर त्यांच्या चुलीवर कधी चढलीच नव्हती. ही खायची नाहीत, पाहायची आहेत, असं मी म्हटलं, तर त्यांनी कोंबडी पुन्हा एकदा तोलून पाहिली.

भर पावसात मुंगसानं त्यांची गावरान कोंबडी नेली. ती टोपलीत अंड्यांवर बसलेली होती; अंडी तेवढी मागे राहिली. तिचा वाण सासूबाईंनी लग्नानंतर माहेरून आणलेला, तेव्हापासून अंगणात चालत आलेला. आता तो संपला. त्या रडल्या नाहीत, पण टोपलीजवळून उठल्याही नाहीत. चहा तसाच गार झाला.

माझी ठेंगणी तेव्हा खुडूक होऊन कोपरा धरून बसली होती. कोणाला न विचारता मी ती कोमट अंडी तिच्याखाली सरकवली. अंडी मोठी, बाई एवढीशी. पंख पसरून पसरून ती चपटी झाली, तरी कडेची अंडी उघडी पडायची. मग चोचीनं ती आत ओढायची, तोवर दुसरीकडची बाहेर. सासूबाई दिवसभर तिथंच बसू लागल्या. टोपलीभोवती त्यांनी आपलं जुनं लुगडं गुंडाळलं. "बसून राह्यली, बापा," एवढंच अधूनमधून म्हणायच्या.

पिल्लं निघाली. पोळ्यापर्यंत ती आईच्या बरोबरीची झाली, तरी संध्याकाळी तिच्या पंखाखाली डोकी खुपसायची आणि ढुंगणं बाहेर ठेवायची. बघून हसून हसून पोट दुखायचं.

करीची सकाळ उजाडली. जोडी उचलून शेजारी लपवायची, असं ठरवूनच मी उठले. बघते तर नवरा मोटारसायकलवरून बाजारातली काळी पिशवी घेऊन येत होता. सासूबाईंनी ती त्याच्या हातून घेतली आणि रस्सा स्वतः चुलीवर चढवला.

जावयांनी पहिल्या घासालाच ओळखलं. दारात पांढरी जोडी माती उकरत होती. "आई, कोंबड्या अंगनात फिरून राह्यल्या, अन् ताटात ब्रॉयलर?"

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि त्यांच्या वाटीत आणखी रस्सा ओतला. "त्या खाच्या नाही, जावईबापू. पाहाच्या हायत."

मला हसूही आलं आणि भरूनही आलं. भाकरी आणायच्या निमित्तानं मी आत पळाले.