खरवडलेला गांधार

त्या वर्षी मी यवतमाळात बसून पोस्टाने पाश्चात्य संगीत शिकत होते. लोक हसायचे आणि मला राग यायचा. शेवटच्या स्वाध्यायात दोन मिनिटांची रचना करायची होती, पण नियम अजब होता. सप्तकातले बाराही सूर, कोमल-तीव्र धरून, आपण ठरवलेल्या क्रमाने एकेकदा वाजवायचे. बारा पुरे होईपर्यंत एकही परत घ्यायचा नाही. मग तोच क्रम शेवटाकडून मागे. मग तो पालथा घालायचा, म्हणजे आधी जितके सूर चढलो तितकेच आता उतरायचे. 'सा'सुद्धा बाकीच्या अकरांसारखाच एक, त्याचा काही मान नाही.

माझी बोटं मात्र सारखी 'सा'कडेच पळायची, कारण लहानपणापासून गाणं गुरुजींकडे शिकलेलं. शेवटी मी बारा चिठ्ठ्या केल्या आणि फरशीवर मांडून क्रम जुळवू लागले. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "पेटीत उंदीर शिरला काय वं?"

पेटी गुरुजींची होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते पंधरा दिवस लेकीकडे गेले तेव्हा रियाजासाठी म्हणून माझ्याकडे ठेवून गेले होते. तिचा गांधार त्यांनी आपल्या तंबोऱ्याशी जुळवून किंचित उतरवून घेतला होता. गाताना तो इतका गोड लागायचा की डोळे आपोआप मिटायचे. पण त्या उतरलेल्या गांधारामुळे माझा क्रम पालथा घातला की सुरांमधली अंतरं सारखी राहीनात. रचना कॅसेटवर भरून पाठवायची होती आणि मला पहिला नंबर हवा होता. कारण एवढंच, त्याला कलेबिलेचं नाव द्यायला नको.

पेटी मांडीवर घेऊन मी एसटीने चिंतामणी गणपतीच्या कळंबला गेले. तिथे एक चाचा पेट्या दुरुस्त करायचे. गुरुजींचा त्यांच्या कानावर विश्वास, म्हणून आम्ही सगळे शिष्य त्यांच्याकडेच जायचो. कापसाने गावांची दैना केली होती. खेड्यापाड्यांतल्या भजनी मंडळांनी दुरुस्तीला टाकलेल्या पेट्या फळीवर तशाच पडून होत्या, न्यायला कोणी येत नव्हतं. चाचांचं दुकान आमच्यावरच चालत होतं.

मी सांगितलं, बाराही सूर समान अंतरावर लावून द्या.

"गुरुजींनं सोता इथं बसून लावून घेतला हा गांधार," चाचा म्हणाले. "पत्ती खरवडा लागन, बेटा. पितळ एकदा गेलं का परत येत नाही. विचारलं का त्याह्यले?"

"त्यांनीच सांगितलंय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कानस उचलली. पत्ती म्हणजे सुराची पितळी जीभ, तिचं टोक खरवडलं की सूर चढतो. दुपारपर्यंत काम झालं.

रचना छान झाली. परीक्षकांनी पत्रात कौतुक केलं, आणि पहिला नंबरही मिळाला. ते पत्र मी कोणालाच दाखवलं नाही, कारण तोवर गुरुजी परतले होते. त्यांनी पेटी उघडली, गांधारावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ भाता नुसता हलवत राहिले.

"हिला कोणी हात लावला?"

"एक पत्ती बोलत नव्हती," मी म्हणाले. "चाचांकडे नेली होती."

"त्याचा कान गेला आता," गुरुजी म्हणाले. आमच्यात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. त्यानंतर एकाही शिष्याची पेटी कळंबला गेली नाही. मी शेजारी बसून होते आणि मान खाली घालून आलाप घेत होते.

वर्षभराने मन फारच खाऊ लागलं तेव्हा मी कळंबला गेले. चाचा स्टोव्ह दुरुस्त करत होते. मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. ते पिन मारत राहिले.

"गुरुजी आलते इथं," ते म्हणाले. "असं काहून केलं म्हणत होते. मी म्हटलं, हात चुकला."

"माझं नाव का नाही सांगितलंत?"

"त्याह्यनं तुले दारात उभं केलं नसतं. तुह्यं गाणं बंद झालं असतं, बेटा. मले काय, स्टो बी येतात."

परतीच्या एसटीत मी ठरवलं की उद्या सांगायचंच. रडले, चार वाक्यं पाठसुद्धा केली.

सकाळी गुरुजी तंबोरा जुळवत होते. "काल आली नाहीस?"

"कळंबला गेले होते."

त्यांचा हात थांबला. "कशाला?"

"चिंतामणीच्या दर्शनाला," मी म्हणाले.