तारेकाकूंचा तेलाचा हात

"अरे अम्मा, ये क्या कर री हो! पूरे माल पे तेल पोत दिया!"

मल्हारगंजातल्या त्या हार्डवेअरवाल्याचा आवाज असा, की उज्जैनला निघालेली गाडी सिग्नल समजून जागच्या जागी थांबावी. आमच्या तारेकाकूंवर मात्र काडीचा परिणाम झाला नाही. काउंटरवर औषधाची छोटी बाटली ठेवलेली, त्यातलं खोबरेल दोन्ही तळव्यांना चोपडलेलं, आणि काकू दारांच्या एकेका मुठीला हात घालून बघताहेत. गोल, चकचकीत, स्टीलच्या मुठी. हात सुळकन फिरायचा, मूठ जागेवर.

"ये भी फेल," काकू म्हणाल्या. "सेठजी, जरा हाथ दीजिए."

सेठ बिचारा संस्कारी. वडीलधाऱ्या बाईने हात मागितला म्हणून त्याने दिला. काकूंनी त्यावर तेलाची धार सोडली, चोळलं आणि म्हणाल्या, "अब खोलिए." सेठ पहिलवानी बांध्याचा. त्याने जोर लावला, दात खाल्ले, कपाळावरची शीर दोरखंडाएवढी फुगली. मूठ काही फिरली नाही. "बस," काकू म्हणाल्या, "मेरा रोज का ऐसाइच है." आणि त्याच्याच फडक्याला हात पुसून माझ्या स्कूटरवर येऊन बसल्या.

स्नेहलतागंजात आमचे फ्लॅट समोरासमोर. तारेकाकूंनी उभी हयात शाळेत हस्तकला शिकवली. त्यांच्या हातची वेलबुट्टी पाहून फुलपाखरं फसायची, हे मी वाढवून सांगत नाही, निदान फारसं नाही. मग संधिवाताने बोटं वाकडी झाली. एरवी त्यांची काही तक्रार नसे. राग एकाच गोष्टीचा होता, लोकांना समजावून सांगावं लागतं याचा. "दुखतं म्हटलं की लोक चेहरा पाडतात हो. मला चेहरे नकोत. तेल लावलं की तुमचे हात माझे हात होतात. आता बोला!"

त्यामुळे बाटली कायम पर्समध्ये. कोणाकडे चहाला गेल्या की आधी नळ तपासायच्या, मग साखरेच्या डब्याचं झाकण. सॉसची बाटली, गोळ्यांची पाकिटं, गॅसचा रेग्युलेटर, सगळ्यांची परीक्षा झालेली. एकदा कुणाच्या भाचीच्या बघण्याच्या कार्यक्रमात यांनी नवऱ्या मुलाच्या हाताला तेल लावून लोणच्याची बरणी पुढे केली. बरणी उघडली नाही, लग्नही जमलं नाही. काकूंचं म्हणणं, दोष मुलाचा नव्हता. "झाकण ज्याने बनवलं त्याला बोलवायला पाहिजे होतं."

हे सगळं गमतीत चाललं होतं, तोवर एके सकाळी काकू स्वतःच्याच बाथरूममध्ये अडकल्या. तिथेही तसलीच गोल मूठ. आतून फिरेना, भिंतीपलीकडे ऐकू जाईना. किल्ली जवळ असलेली कामवाली आली तेव्हा सुटका झाली. चार तास. बेंगळुरूहून मुलाचा, निखिलचा, फोन आला. त्याने सरळच सांगितलं, "आई, आणखी एकदा असं झालं तर मी येऊन तुला घेऊन जाईन. जे दार तुला उघडता येत नाही, त्या घरात एकटीने कसं राहणार?" काकू मला म्हणाल्या, "निखिलचं घर छान आहे. पण ते निखिलचं आहे."

आणि नेमकं त्याच महिन्यात सोसायटीने बिल्डिंगमधली सगळी दारं, बाथरूमचीसुद्धा, बदलायला काढली. सेक्रेटरी पुराणिक यांनी सांवेर रोडच्या कारखान्यातून नमुना आणला होता. गोल मूठ, स्टीलची, आणखी गुळगुळीत. तो नमुना त्यांनी मोठ्या अभिमानाने सोसायटीच्या ऑफिसच्या दाराला बसवून घेतला आणि आत मीटिंग भरवली. बाहेर टेबलावर गरम कचोऱ्या मांडलेल्या.

"काकू, तुमच्यापुरतं स्पेशल लावून देऊ ना," पुराणिक म्हणाले.

"स्पेशल नको. मी काय फक्त माझ्याच घरात हात धुते? उद्या तुमच्याकडे आले आणि तुमच्या बाथरूममध्ये अडकले तर?"

"अहो, एका माणसासाठी सगळ्या बिल्डिंगचं डिझाइन बदलायचं? मग काय, डिझाइन गेलं तेल लावत!"

काकू उठल्या. "तेच तर मी कधीची म्हणतेय, पुराणिकजी." आणि पर्समधून बाटली काढली.

त्यांनी दार लावून घेतलं. मग एकेकाच्या हातावर तेल घातलं, माझ्यासुद्धा. म्हणाल्या, "रुमाल लावायचा नाही. माझ्या बोटांना रुमालाने फरक पडत नाही. चला, कचोरी थंड होतेय." आधी पुराणिक उठले. मग जिमला जाणारा तिसऱ्या मजल्यावरचा दुबे. मग मी. ती मूठ जणू मासा झाली होती. दुबेने पाय भिंतीला लावून ओढलं, तो मागच्या खुर्च्यांसकट भुईसपाट. पुराणिकांनी फोन काढला, तर तेलकट अंगठा फोन ओळखेना. कचोरीचा वास दाराखालून येत होता आणि अकरा कर्तेसवरते पुरुष दाराकडे बघत उभे होते. शेवटी पुराणिकांनी हाका मारमारून बायकोला बोलावलं. तिने बाहेरून दार उघडलं आणि विचारलं, "इतकी माणसं आणि एक दार नाही उघडत?"

गोल मूठ रद्द झाली.

काकू तेवढ्यावर थांबल्या नाहीत. सांवेर रोडला कारखान्यात स्वतः गेल्या, अर्थात माझ्याच स्कूटरवर. मालकाला म्हणाल्या, "आडवी दांडी हवी. कोपराने दाबली तरी उघडली पाहिजे. आणि टोक दाराकडे वळवा, नाहीतर पदर अडकतो." मालक म्हणाला, "अम्माजी, हे आमच्या इंजिनियरला सुचलं नाही." काकू म्हणाल्या, "ते पदर घेत नाहीत ना." त्या दांड्या बेचाळीसच्या बेचाळीस फ्लॅटांना लागल्या.

निखिल दिवाळीला आला. त्याने बाथरूमचं दार पाच-सहा वेळा उघडलं, लावलं, बाहेरून, आतून, कोपराने. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "झालं का इन्स्पेक्शन?" तो एकटाच परत गेला.

काकू त्यानंतर चार वर्षं तिथेच राहिल्या. गेल्या त्याही तिथेच, दुपारी, खुर्चीत, चहा घेऊन झाल्यावर.

आता त्या फ्लॅटात एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. परवा ती मुलगी बाजारातून आली. कडेवर बाळ, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. कुलूप नवऱ्याने आधीच काढलं होतं. तिने कोपराने दांडी दाबली आणि दार उघडलं. मला राहवलं नाही. मी तिला तिथेच थांबवून ही सगळी हकीकत ऐकवली, मल्हारगंजाच्या सेठपासून दुबेच्या लोटांगणापर्यंत, आणि खरं सांगतो, मध्ये थोडी फोडणीही दिली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पिशव्या आत ठेवल्या आणि एकदा दाराकडे पाहिलं.

"काका, हँडलच तर आहे," ती म्हणाली. "दाबलं की उघडतं."