हुकाच्या मापाची काठी

हूकलोडर विकत घेताना मी हुकाची उंची मोजली नाही. बाकी सगळं पाहिलं. टायरची नक्षी बोटानं चाचपली, इंजिनाचा धूर हुंगला, केबिनमधल्या देवाच्या फोटोला हात जोडले, आरशात स्वतःचा भांगसुद्धा नीट केला. ज्या कामासाठी गाडी घ्यायची, ते एक तेवढं तपासायचं राहिलं.

माझा भागीदार सोपान गेला, त्याला आता काही आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी पेठच्या एका हॉटेलामागं त्याच गाडीत बसून कचऱ्याचा डबा उचलत होतो. सोपानची बायको, सुनंदावहिनी, एवढंच बोलली, “भावजी, दवाखान्यात या... ह्यांना घरी न्यायचंय.” मला वाटलं, सुट्टी मिळाली. मी आनंदानं ओरडलो, “पेढे आणू का येताना?” पलीकडं मागून एका बाईचं रडणं ऐकू आलं. डबा हुकाला तसाच अधांतरी लटकत होता, आणि तो खाली घ्यायचा की वर, हे मला बराच वेळ सुचेना.

सोपान मूळचा आहुप्याकडचा. भात आणि नाचणीवर घर भागेना म्हणून डोंगर उतरला, शहराच्या कचरा डेपोवर लागला आणि ऐन उमेदीची वर्षं तिथल्या धुरात घालवून परत आला. मग आम्ही दोघांनी भागीत गावोगावचा कचरा उचलायचं काम धरलं. हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि शेतात वाफ्यांवर अंथरतात तो मल्चिंगचा प्लास्टिक कागद. टोमॅटो निघाला की लोक तो कागद बांधावर गोळा करून पेटवून देतात. सोपानला तो वास लांबूनच यायचा. गाडी थांबवून शेतात शिरायचा आणि म्हणायचा, “जाळू नका राव, मी नेतो. आमच्या देवराईतली वाळकी काडीसुदिक आमी घरी आणत नाय, आन तुमच्या बांधावरची घाण मातर हात जोडून मागतोय बघा!” लोक हसायचे आणि द्यायचे.

पुढं तो जिना चढतानाही थांबायला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, यापुढं कचऱ्यात उतरायचं नाही, फावडं हातात धरायचं नाही. म्हणून हूकलोडर. या गाडीला मागं वाकणारा लोखंडी हात असतो. त्याच्या टोकाचा हूक भरलेल्या डब्याचा दांडा पकडतो आणि अख्खा डबा गाडीवर ओढून घेतो. ड्रायव्हरनं सीटवर बसून दांडी ओढायची, खाली पाय टेकवायचा नाही. सोपानसाठीच जणू बनवलेली गाडी. नवी आमच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून जुनी शोधली. चार डबे तेवढे आधीच एका बंद कारखान्यातून मिळाले होते.

गाडी पाहायला गेलो त्या दिवशी दुपारी अमावस्या लागत होती. अमावस्येला गाडी दारात आणायची नाही, हे आमच्याकडं कायद्यापेक्षा पक्कं. सोपान म्हणाला, “भाऊ, आपला एक डबा हितं आणू, लावून बघू, मंगच घेऊ.” डबा होता पिंपरी पेंढारला. तो आणेपर्यंत अमावस्या लागली असती. मी म्हणालो, “अरे, हूक म्हणजे हूक आणि डबा म्हणजे डबा. त्यात काय जावयाच्या सुटाचं माप घ्यायचंय?” विकणाऱ्यानं त्याचा स्वतःचा डबा हुकानं उचलून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. अमावस्येच्या आत गाडी घरी आली.

दोन दिवसांनी पिंपरी पेंढारला टायरखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, पेढे वाटले. अर्धं गाव जमलेलं. सोपाननं दांडी ओढली. हुकानं डबा पकडला, वर घेतला, गाडीवर आणला... आणि डब्याचं नाक काही खाली टेकेना. गाडीचा हूक उंच, आमच्या डब्याचा दांडा ठेंगणा. मागचं लॉक बसेना. तशी गाडी रस्त्यावर काढली असती तर पहिल्याच गतिरोधकाला डबा कुणाच्या तरी अंगावर गेला असता. पारावरून एक म्हातारा ओरडला, “पावणं, तुमचा डबा जांभई देतोय का?” सगळ्यात जोरात सोपान हसला. हसता हसता त्याला ढास लागली. ती थांबेना, तसं एकेकाचं हसू विझत गेलं.

दांडे वर चढवायला हवे होते, पण डब्यांच्या पुढच्या भिंती गंजलेल्या. भिंतीच बदलायच्या ठरल्या. फॅब्रिकेटर सुगीच्या ट्रॉल्यांमध्ये अडकलेला, एकेक डबा सवडीनं करणार. तोवर सोपाननं पुन्हा फावडं घेतलं. मी भांडलो. तो तोंडाला फडकं बांधत म्हणाला, “डबं तयार व्हईस्तवर. न्हायतर लोकं पुन्हा जाळाया लागतील.” वहिनी त्याच्या जोडीनं कचऱ्याची ट्रॉली भरायची. शेवटचा डबा आला तेव्हा सोपान थोडे दिवस राजासारखा केबिनमध्ये बसला. पण मग त्याला बसूनही दम लागायला लागला.

दवाखान्यात त्यानं मास्क बाजूला सारून विचारलं, “पेठच्या डब्याचं मागचं लॉक बसतंय का?”

“बसतंय.”

“बघितलंस?”

“...नाही.”

त्यानं डोळे मिटले. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच. डॉक्टर नंतर म्हणाले, फुफ्फुसं आधीच गेली होती. असं ते सगळ्यांनाच सांगतात का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

जांभईच्या दुसऱ्याच दिवशी सोपाननं एक बांबू तोडला होता. हुकाच्या उंचीवर खाच पाडून तिथं लाल चिंधी बांधली. डबा कुठलाही असो, आधी शेजारी काठी उभी करायची, चिंधी दांड्याला लागली तरच हूक अडकवायचा. ती काठी अजून सीटमागं आहे. खड्डा आला की पत्र्यावर वाजते... वाटतं, मागून कुणी थांब म्हणतंय.

अरुंद आळ्यांमधला कचरा अजून हातानंच भरावा लागतो. तो वहिनी भरते. हल्ली तीही खोकते. तोच खोकला. परवा मी तिला काम थांबवायला सांगायला गेलो. ती म्हणाली, “मंग उचलायचं कुणी? आळीत शिरंल आशी ल्हान गाडी आणा.” मी सांगितलं, एक लहान हूकलोडर पाहून ठेवलाय, उद्याच जातो, आता या गाड्यांवर माझी नजर चांगली बसलीय.

वहिनी उठली, केबिनमधून काठी ओढून काढली आणि माझ्या हातात कोंबली.

“नजर ऱ्हाऊ द्या, भावजी. ही न्या. त्यांनी ती डब्यासाठी न्हाई, तुमच्यासाठी तोडली व्हती.”