मामांनी सगळ्यांची परवानगी काढली

माझ्या मामेसासऱ्यांनी कुणावर पूर्ण विश्वास ठेवल्याचं सेलूत कुणी पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असं कुणी म्हणालं तर मामा त्याच्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. त्यांचं जिनिंग आहे, म्हणजे कापसाची सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. कापसाची गाडी आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे ते बघतही नाहीत. कोपरापर्यंत हात घालून बुडाचा कापूस काढतात, दाबतात, हुंगतात आणि शांतपणे विचारतात, "कुठल्या विहिरीचं पाणी मारलं रे?" बाजारात गेले की स्कूटरला आधी कुलूप, मग साखळी, मग पानवाल्याला "जरा लक्ष ठेव" असं सांगणं, आणि मग समोरच्या हॉटेलात चहा घेत पानवाल्यावर लक्ष ठेवणं. महादेवावर त्यांची श्रद्धा आहे, पुजाऱ्यावर नाही.

अशा माणसाच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरचं काम बघते. आमचे तीन कॉम्प्युटर, आणि एकाची फाइल दुसऱ्यावर न्यायला एकच पेन ड्राइव्ह, तोही मामांच्या खिशात. शेवटी मी कंटाळून तिन्ही मशीन जोडली आणि सगळ्यांसाठी एक सामायिक फोल्डर केलं.

"म्हंजी माझं कपाट गावाला उघडं," मामा म्हणाले.

"तसं नाही मामा. तुम्ही ज्याला परवानगी द्याल त्यालाच दिसेल. कुणी नुसतं बघायचं, कुणी बदल करायचा, तेही तुम्हीच ठरवायचं."

हे ऐकून मामांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांचा संशय ठेवायला त्यांना पहिल्यांदाच सोयीची जागा मिळाली होती. रोज सकाळी पूजा आटोपून ते ऑफिसात येत आणि परवानग्या तपासत. वजनकाट्यावरच्या माणसाला नुसतं बघायला दिलं, "हात लावू द्यायचा न्हाई." हिशेबनीसाला सोमवारी दिलेली परवानगी मंगळवारी काढली, कारण तो फोनवर हळू आवाजात बोलत होता. तो बायकोशी बोलत होता असं मी सांगितल्यावर म्हणाले, "मग हळू कशाला?" आणि स्वतःच्या मुलाला, तिशी गाठलेल्या, शिकलेल्या मुलाला, एका रिकाम्या फोल्डरची परवानगी दिली. "आत काही न्हाई, तरी काय करतोय ते बघू."

 मुलाला पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं होतं आणि त्या शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. "वहिनी, मला इथंच राहायचंय," तो मला म्हणाला, "पण रिकाम्या खोलीत बसून राहू का?"

शनिवारी गाठी न्यायला ट्रक आला. आमच्याकडून तपासणीचे रिपोर्ट मेलवर गेल्याशिवाय खरेदीदार माल उचलू देणार नव्हता आणि ड्रायव्हर दुपारपर्यंतच थांबणार होता. रिपोर्ट घ्यायला मी फोल्डर उघडायला गेले, उघडेना. तिन्ही मशीनवर तेच. मामा केबिनमधून बाहेर आले, चेहरा पडलेला.

"मलाबी उघडंना झालंय. कुणीतरी मला बाहेर काढलंय, सूनबाई. खरं सांगा, कोण हाय?"

हिशेबनीसाकडे बघून झालं, काट्याकडे बघून झालं, मग माझ्याकडे. मी सरळ त्यांच्या मशीनवर जाऊन परवानग्या उघडल्या. वर एकच नाव होतं: सगळे. आणि पुढे नकाराच्या प्रत्येक चौकटीत खूण.

"हे कुणी केलं?"

"मीच केलं सकाळी. आत एक अनोळखी फाइल दिसली. म्हणलं समद्यास्नी बंद करावं."

"मामा, सगळ्यांत तुम्हीपण आलात."

"मी कसा येईन?" त्यांना खरोखरच कळेना. "सगळे म्हंजी बाकीचे."

अनोळखी फाइल म्हणजे मी सकाळीच ठेवलेले गाठींचे रिपोर्ट होते. फोल्डर मी बनवलेलं, म्हणून परवानग्या बदलायचा हक्क माझ्याकडे होता. पण मी हात आवरला आणि म्हटलं, "खोलते. पण आता नावं तुम्ही सांगा. कुणाला काय द्यायचं?"

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मुलगा दारात उभा होता. मामांनी त्याच्याकडे, बुडाच्या कापसाकडे बघतात तसं बघितलं. 

"ह्याला पूर्ण द्या," ते म्हणाले. "अन् मला नुसतं बघायचं ठेवा. माझ्या हातानं पुन्हा असंच व्हायचं."

रिपोर्ट मुलानं पाठवले, ट्रक गेला, आणि पुण्याला नकारही त्यानंच कळवला.

आता दुपारी मामा चष्मा लावून बसतात आणि मुलानं केलेली एकेक फाइल बारकाईनं वाचतात. परवा बराच वेळ आवाज नाही म्हणून मी डोकावले. पडद्यावर फाइल होती आणि मामा खिडकीबाहेर बघत होते.

"काय झालं मामा?"

"एकबी चूक सापडंना, सूनबाई," ते हळूच म्हणाले. मी पुढची फाइल उघडून दिली.